रमजान ईद : फितरा, चांदरात, ईदगाह आणि शीरखुर्मा, घरच्या तयारीची सगळी माहिती

आर्वी : रमजानचा 29 वा रोजा सुटला की आर्वीत गच्च्यांवर पोरांची गर्दी होते. पश्चिमेला नजर, हातात मोबाईल. चांद दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाही दिसला तर 30 वा रोजा आणि मग ईद. त्या एका संध्याकाळवर घरातली पुढची सगळी कामं अवलंबून असतात. दूध किती सांगायचं, मजुरीला उद्या जायचं की नाही, पुण्याहून येणाऱ्या मुलाला ट्रॅव्हल्स कोणत्या दिवशीची, फितऱ्याचे पैसे पोहोचले का. चांद दिसल्यावर धावपळ करणारी घरं पुष्कळ असतात. पण जे काम आधी व्हायला पाहिजे ते त्या रात्री होत नाही, आणि त्यात पहिलं नाव फितऱ्याचं आहे.

तारीख दरवर्षी का सरकते

इस्लामी वर्ष चांद्र आहे, साधारण 354 दिवसांचं. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरच्या हिशोबाने ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येते. 2018 मध्ये ती 16 जूनला होती, 2019 मध्ये 5 जूनला. म्हणजे त्या दोन वर्षांचे रोजे वर्धा जिल्ह्याच्या ऐन मे महिन्याच्या उन्हात झाले. शेतात काम करून रोजा धरणाऱ्यांना ती वर्षं अजून आठवतात. 2023 ला ईद 22 एप्रिलला आली, 2024 ला 11 एप्रिलला, 2025 ला 31 मार्चला. पंचांगातल्या सणांना अधिक मास असतो, म्हणून ते ऋतू सोडत नाहीत. इस्लामी कॅलेंडरमध्ये तशी सोय नाही. म्हणून ईद सगळ्या ऋतूंमधून फिरते आणि साधारण 33 वर्षांनी परत त्याच जागी येते.

या फिरण्यात गमतीचे योग येतात. 2023 ची ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी होती. 2025 ला 30 मार्चला गुढीपाडवा झाला आणि 31 ला ईद. एका गल्लीत आदल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा.

चांदाची खबर कोणाची मानायची

सौदी अरबमध्ये ईद झाली म्हणजे आपल्याकडे झाली असं नाही. केरळात कधी कधी उर्वरित भारताच्या आधी ईद होते, तीही इकडे लागू होत नाही. मोठ्या शहरांत रुयते हिलाल कमिटी, म्हणजे चांद दिसल्याची खात्री करणारे जाणकार उलेमा, साक्षी घेऊन निर्णय जाहीर करतात. गावात आपल्या मशिदीच्या इमाम साहेबांकडे ती खबर येते आणि तिथून एलान होतो.

अडचण व्हॉट्सॲपची आहे. गेल्या वर्षीचा चांदाचा फोटो, दुसऱ्या देशाची क्लिप, कोणाच्या तरी नावाने फिरणारं पत्र, हे सगळं 29 व्या रोजाला संध्याकाळी सातच्या आत येऊन जाते. मशिदीतून एलान झाल्याशिवाय मेसेज पुढे ढकलू नये. चुकीच्या खबरीवर कोणी रोजा सोडला तर तो फक्त गैरसमज राहत नाही, त्या रोजाची भरपाई करावी लागते.

फितरा : सगळ्यात आधी हेच

ईदच्या खरेदीच्या यादीत फितरा शेवटी लिहिला जातो, तो पहिल्या ओळीत पाहिजे. सदका-ए-फित्र हे ईदच्या निमित्ताने गरिबाला द्यायचं दान आहे. ज्याच्याकडे गरजेपेक्षा जास्त निसाबाइतकी मालमत्ता आहे, त्याच्यावर ते वाजिब आहे. निसाब म्हणजे साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, ग्रॅममध्ये 87.48 ग्रॅम सोनं किंवा 612.36 ग्रॅम चांदी, किंवा तेवढ्या किमतीचा माल. जकातीसाठी त्या मालावर एक चांद्र वर्ष जावं लागते आणि मग अडीच टक्के निघतात. फितऱ्याला वर्षाची अट नाही. माणूस स्वतःचा आणि आपल्या लहान लेकरांचा फितरा देतो. ईदच्या पहाटे फजरच्या आधी जन्मलेल्या बाळाचाही धरतात. बायकोचा आणि मोठ्या मुलांचा कायद्याने त्यांचा त्यांच्यावर असतो, पण रिवाज असा की घरातला कर्ता माणूस त्यांना सांगून सगळ्यांचा एकदम काढतो.

मोजमाप गव्हाचं आहे. बरेलवी मशिदींत माणशी साधारण 2 किलो 45 ग्रॅम गहू सांगतात, देवबंदी उलेमांच्या हिशोबात 1 किलो 633 ग्रॅमच्या आसपास. गव्हाऐवजी तेवढे पैसे चालतात. आपल्या मशिदीत रमजानमध्ये रक्कम जाहीर होते, तीच धरावी. उदाहरणासाठी गहू 30 रुपये किलो धरला तर 2 किलो 45 ग्रॅमचे 61 रुपये 35 पैसे होतात. मशिदीने सोपा आकडा म्हणून 65 सांगितला, तर सहा माणसांच्या घराचे 390 रुपये. चांगली ऐपत असलेल्याने गव्हाऐवजी जव, खजूर किंवा मनुक्यांच्या हिशोबाने द्यावा. त्याचं माप गव्हाच्या दुप्पट असते आणि मनुक्यांचा भाव पाहिला तर रक्कम पुष्कळ मोठी होते. मोठ्या बागाईतदाराने आणि रोजमजुराने सारखेच 65 रुपये देऊन मोकळं व्हावं, हे काही बरं दिसत नाही.

कोणाला द्यायचा? आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं आणि नवरा-बायको यांना एकमेकांचा फितरा चालत नाही. सय्यद घराण्यालाही देत नाहीत. पण गरजू भाऊ, बहीण, खाला, फुफी, चाचा, मामू यांना देता येतो आणि आधी त्यांचाच हक्क पाहावा. गल्लीतली विधवा बाई, हात मोडून घरी बसलेला हमाल, कापूस वेचून पोट भरणारं घर, यांना शोधत जावं लागते. ते मागायला येत नाहीत.

वेळ ही यातली खरी गोष्ट. फितरा ईदच्या नमाजेआधी दिला गेला पाहिजे. नंतर दिला तरी जबाबदारी उतरते, पण ज्यासाठी तो आहे ते काम हुकते. ज्या घरात ईदच्या सकाळी साडेनऊला पैसे पोहोचतात, त्या घरातल्या लेकरांच्या अंगावर त्या दिवशी कपडे येत नाहीत आणि दूधवाला केव्हाच निघून गेलेला असतो. रमजानमध्ये आधीच द्यायला परवानगी आहे. 20-22 व्या रोजाला दिला तर त्या घरच्या बाईला बाजार करायला आठवडा मिळतो.

पैसा आणि बाजार

आर्वी, आष्टी, कारंजा हा पट्टा कापूस, संत्रा, सोयाबीन आणि तुरीचा. ईद मार्चच्या आसपास आली की शेतीवाल्याच्या हातात थोडे पैसे असतात. गहू, हरभरा निघतो, कापसाचे राहिलेले चुकारे येतात. पण फळगाडी, गॅरेज, शिलाई, भंगार, मजुरी यावर चालणाऱ्या घरांना रमजान हा कमी कमाईचा महिना असतो. त्यांची ईद दुकानाच्या उधारीवर उभी राहते आणि ती उधारी पुढे मृगाच्या बियाण्यापर्यंत पुरते.

ती टाळायची तर क्रम ठरवावा. आधी फितरा. मग लेकरांचे कपडे. मग घरातल्या बायकांचे. त्यानंतर मेवा आणि शेवटी मोठ्या पुरुषांचे कपडे. ईदला नवेच कपडे पाहिजेत असा कोणताही नियम नाही. असलेल्यांपैकी चांगले, धुतलेले कपडे घालणं सुन्नत आहे. इस्त्री केलेला गेल्या वर्षीचा कुर्ता तेवढाच चालतो.

काही कामं मागे पडली की महाग पडतात. शिलाई मास्तर 15 व्या रोजानंतर नवं कापड घ्यायला तयार नसतात, म्हणून कापड पहिल्या दहा दिवसांत टाकावं. खारीक, चारोळी, पिस्ता, काजू यांचा भाव शेवटच्या आठवड्यात चढतो. पहिल्या पंधरवड्यात घेऊन बरणीत भरून ठेवावा. लहान पोरांच्या चपला मात्र शेवटीच घ्याव्या, नाहीतर पाय वाढतो, असं जुन्या बाया म्हणतात. महिन्याभरात किती वाढणार हा भाग वेगळा.

दुधाचं आधी सांगून ठेवणं गरजेचं. हा भाग गवळाऊ गायींचा, आर्वी-आष्टी-कारंजाकडे नंदगवळी समाजाची दुधाची जुनी परंपरा आहे. पण ईदच्या दिवशी एकाच गल्लीत वीस घरं दोन-चार लिटर जास्तीचं दूध मागतात. तेवढं कुठून येणार? 25 व्या रोजाला गवळ्याला सांगावं आणि ईद एक दिवस पुढे गेली तर दूधही पुढच्या दिवशी, हे तेव्हाच बोलून घ्यावं.

चांदरातीची कामं

चांद दिसला की तरावीह संपते आणि घर जागं होते. मेंदी, कपड्यांना इस्त्री, घर झाडणं, मेवा कापणं. या रात्रीची कामं बहुतेक घरात एकट्या बाईवर पडतात. महिनाभर पहाटे तीनला उठून सहरी आणि संध्याकाळी इफ्तार तिनेच केलेली असते. खारका चिरणं, चारोळी सोलणं, इस्त्री आणि पाणी भरणं ही कामं घरातल्या मुलांनी आणि पुरुषांनी वाटून घ्यावी. चौकात फिरून येणं त्यानंतर.

चारोळी सोलायची सोपी रीत : गरम पाण्यात अर्धा तास भिजवावी, मग कापडावर चोळली की साल सुटते. खारका मात्र रात्रभर दुधात किंवा पाण्यात भिजत ठेवाव्या आणि पहाटे बी काढून बारीक लांब कापाव्या.

शीरखुर्मा

दहा-बारा वाट्यांसाठी दोन लिटर म्हशीचं दूध, 100 ग्रॅम बारीक शेवया, दीडशे ते दोनशे ग्रॅम साखर, आठ-दहा खारका, 50 ग्रॅम चारोळी, बदाम-काजू-पिस्ता ऐपतीप्रमाणे, चार चमचे तूप, वेलची. दूध जाड बुडाच्या गंजात पाऊण होईपर्यंत आटवावं. मेवा आणि खारका तुपात परतून घ्याव्या आणि दुधात टाकून दहा मिनिटं उकळू द्याव्या. त्याच तुपात शेवया मंद आचेवर बदामी होईपर्यंत परताव्या आणि शेवटी टाकाव्या. शेवया गेल्यावर पाच मिनिटांत गंज उतरवावा. साखर सगळ्यात शेवटी, कारण खारकेचा गोडवा आधीच उतरलेला असतो.

दोन चुका नेहमी होतात. एक, शेवया जास्त. थंड झाल्यावर त्याची खीर न राहता सांजा होतो. थोडं गरम दूध वेगळं ठेवलं तर पाहुणा आल्यावर सैल करता येते. दुसरी, रात्रीच करून ठेवणं. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेलं दूध सकाळी दगा देते. दूध रात्री आटवून फ्रिजमध्ये ठेवावं, फ्रिज नसेल तर फजरनंतरच चूल पेटवावी.

ईदची सकाळ

ईदच्या दिवशी रोजा धरणं मना आहे. पहाटे फजरची नमाज, मग गुस्ल म्हणजे अंघोळ, मिस्वाक, स्वच्छ कपडे, अत्तर. रमजान ईदला नमाजेला निघण्याआधी काहीतरी गोड खाणं सुन्नत आहे. खजूर असतील तर एक, तीन, पाच असे विषम संख्येत. मग फितरा राहिला असेल तर तो देऊन, तकबीर हळू आवाजात म्हणत ईदगाहकडे. जाताना एक रस्ता, येताना दुसरा. पायी जाता आलं तर उत्तम.

हनफी मसलकात ईदची नमाज शहर किंवा कसब्याच्या ठिकाणी होते. त्यामुळे ज्या लहान गावात जुम्म्याची नमाज होत नाही, तिथले लोक तालुक्याच्या गावी येतात. आर्वीला येणाऱ्यांनी वेळ आदल्या रात्रीच विचारून घ्यावी. सूर्योदयानंतर साधारण 20 मिनिटांनी ईदच्या नमाजेची वेळ सुरू होते आणि दुपारच्या जवालपर्यंत राहते. मार्चअखेर इकडे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. रमजान ईदची जमात जरा उशिरा ठेवतात, फितरा द्यायला वेळ मिळावा म्हणून. जुने लोक पुलगाव-आर्वी छोट्या गाडीने नातेवाईक ईदला यायचे ते सांगतात. 35 किलोमीटरचा तो नॅरोगेज रस्ता, गाडी निघाली की पोहोचायची घाई कोणालाच नसायची. आता मोटरसायकल आहे, म्हणून लोक शेवटच्या मिनिटाला निघतात आणि पहिली रकात चुकते. एका गाडीवर चार जण बसवून लेकरांना नेऊ नये.

सोबत जानमाज किंवा स्वच्छ चादर, पाण्याची बाटली, चपलेसाठी पिशवी. वुजू घरूनच करावा.

नमाज : कुठे चुकते

वर्षातून दोनदाच होते, म्हणून चांगल्या नमाजींचाही गोंधळ होतो. दोन रकात असतात, अजान आणि इकामत नसते. हनफी पद्धतीत सहा जास्तीच्या तकबीरा आहेत.

पहिल्या रकातीत नियत करून हात बांधायचे, सना वाचायची. मग इमाम तीन तकबीरा म्हणतात. पहिल्या दोन वेळा हात कानापर्यंत नेऊन सोडायचे, तिसऱ्या वेळी बांधायचे. पुढे किरात, रुकू, सजदा नेहमीप्रमाणे. दुसऱ्या रकातीत किरात आधी होते आणि तकबीरा नंतर. तिन्ही वेळा हात उचलून सोडायचे आणि चौथ्या तकबीरला हात न उचलता रुकूत जायचं. नेमकं इथेच अर्धी ओळ हात वर करते आणि अर्धी वाकते. शेजारच्याकडे पाहण्यापेक्षा कान इमामाकडे ठेवावा.

उशीर झाला आणि इमामांची किरात सुरू असली तर जमातीत उभं राहून आपल्या तीन तकबीरा म्हणून घ्याव्या. एक रकात चुकली तर इमामाच्या सलामनंतर उठून ती पूर्ण करावी, त्यात किरातीनंतर, रुकूच्या आधी तकबीरा म्हणाव्या. पूर्ण नमाज चुकली तर एकट्याने ईदची कजा होत नाही. गावात दुसऱ्या मशिदीत जमात असेल तर तिकडे धावावं. शाफई आणि अहले हदीस मंडळी पहिल्या रकातीत सात आणि दुसरीत पाच तकबीरा म्हणतात. कोकणातले मुस्लिम बहुतेक शाफई आहेत, त्यामुळे रत्नागिरीकडे नोकरीला गेलेल्या पोराने तिथे गोंधळू नये.

सलामनंतर उठून पळायचं नाही. खुतबा नमाजेनंतर असतो आणि तो शांत बसून ऐकणं वाजिब आहे. मग दुआ, गळाभेट, आणि बरेच जण तिथूनच कब्रस्तानात जाऊन आपल्या माणसांसाठी फातेहा वाचतात. ज्या घरात त्या वर्षी मयत झाली असेल, तिथे पहिल्यांदा जायची रीत आहे. आधी त्यांना भेटून मग आपल्या घरचा खुर्मा.

हनफी घरांत बाया बहुतेक ईदगाहला जात नाहीत, त्यांच्यावर ही नमाज वाजिब नाही. जमात झाल्यावर घरी चाश्तची नफल वाचता येते. काही ठिकाणी बायांसाठी वेगळी सोय असते.

शेजारी आणि डबे

आर्वीच्या बाबतीत जुन्या इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये एक नोंद आहे. हे गाव तेलंगराव वलींनी वसवलं असं मानतात, म्हणून त्याला आर्वी तेलंगराव असंही म्हणत. ते ब्राह्मण होते असं हिंदू सांगत, मुसलमान होते असं मुस्लिम सांगत, आणि समाधीला दोघेही जात. अशा गावात ईदचा डबा एकाच आळीत राहत नाही.

डबा पाठवताना एवढं पाहावं. मांसाचं भांडं, चमचा आणि शीरखुर्म्याचं भांडं, चमचा पूर्ण वेगळे. शेजारी शाकाहारी असतील, त्यांना हे माहीत असलं की डबा निवांत खाल्ला जातो. ईद चैत्र नवरात्रात आली, जशी 2025 ला आली होती, तर उपासाच्या घरी शेवया चालत नाहीत. तिथे खजूर, काजू, बदाम पाठवावे. ज्यांना शिजवलेलं चालत नाही त्यांच्याकडे दूध, साखर, शेवया, मेवा असा कच्चा शिधा द्यायची पद्धतही पुष्कळ गावांत आहे.

भेटायला जाणाऱ्या हिंदू मित्रांनी नमाज सुटल्यावर तासाभराने जावं. "ईद मुबारक" म्हटलं की पुरे. लेकरांच्या हातात दहा-वीस रुपये ईदी दिली तर ते दिवसभर नाव घेतात. वर्ध्याहून येणारा पाहुणा गोरसपाक आणतोच.

सणांआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. ईदगाहच्या रस्त्याचं, पाण्याचं, गाड्या लावायच्या जागेचं बोलायचं ते तिथेच बोलून घ्यावं.

बकरी ईदला काय वेगळं

ती रमजान ईदनंतर साधारण 70 दिवसांनी येते. नमाज तशीच, पण लवकर होते, आणि नमाजेआधी काही न खाणं चांगलं मानतात. तकबीर मोठ्याने म्हणतात. फितरा नसतो, ऐपतवाल्यावर कुर्बानी असते, ती नमाजेनंतर, जिल्हिज्जाच्या 10, 11 किंवा 12 तारखेला. बकरा वर्षाचा पूर्ण झालेला, आंधळा, लंगडा किंवा आजारी नसलेला पाहिजे. मांसाचे तीन हिस्से करतात : घरचा, नातेवाईक-मित्रांचा, गरिबांचा. महाराष्ट्रात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला 2015 पासून पूर्ण बंदी आहे, त्याचं भान ठेवावं. रक्त आणि अवशेष उघड्या नालीत जाऊ देऊ नये, खड्डा करून पुरावे, फोटो स्टेटसला टाकू नये. 2023 मध्ये 29 जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात अनेक गावांत मुस्लिमांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. तीन दिवसांची मुभा असल्यामुळे ते सहज करता आलं.

शेतीवाल्या घराला आणखी एक हिशोब असतो. 2025 ची बकरी ईद 7 जूनला, मृगाच्या तोंडावर आली. बियाणं, खत आणि बकरा तिन्हीचे पैसे एकाच आठवड्यात लागतात. घरचा बकरा वर्षभर पाळलेला असला तर त्यातला एक खर्च कमी होतो, म्हणून बरीच घरं आदल्या दिवाळीच्या सुमारासच पिल्लू घेऊन ठेवतात. घेताना त्याचं वय मात्र विचारून घ्यावं, ईदच्या दिवशी वर्ष पूर्ण भरलं पाहिजे.